पौषातला अमोनिया, वैशाखातला अमोनिया

शेततळ्याचं पाणी तपासायचं साधं किट आता बऱ्याच मत्स्यपालकांकडे असतं. नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, रंग कार्डाशी जुळवायचा. जानेवारीत किटने लिटरमागे १ मिलिग्रॅम अमोनिया दाखवला, मासे मजेत होते. मे महिन्यात पुन्हा तोच रंग, तोच १ मिलिग्रॅम. वाढला नाही ना, मग ठीक आहे, म्हणून नळी धुऊन ठेवली जाते. आठवड्याभरात मासे खाद्य सोडतात, काठाशी मलूल उभे राहतात आणि मग शेजारचा कोणीतरी सांगतो की रोग आलाय, औषध टाका.

रोग आलेला नसतो. किट दाखवतं तो आकडा एकूण अमोनियाचा. पाण्यात त्याची दोन रूपं असतात. एक अमोनियम, जे माशाला फारसं बाधत नाही. दुसरं मुक्त अमोनिया, जो कल्ल्यांच्या पातळ पडद्यातून सरळ रक्तात उतरतो. एकूणातला किती भाग मुक्त असणार, हे पाण्याचा सामू आणि पाण्याचं तापमान मिळून ठरवतात. जानेवारीच्या सकाळी पाणी २० अंश सेल्सिअस आणि सामू ८ असेल, तर त्या १ मिलिग्रॅममधला मुक्त अमोनिया जेमतेम ०.०४ मिलिग्रॅम भरतो. मेमध्ये दुपारी चारला वरचं पाणी ३२ अंश झालेलं, शेवाळामुळे सामू ८.५ वर चढलेला. आता त्याच १ मिलिग्रॅममधला ०.२२ मिलिग्रॅम मुक्त असतो. जवळजवळ सहापट. यातली दुपटीहून थोडी जास्त वाढ एकट्या उष्णतेची, उरलेली सामूची. आणि कल्ल्यांना इजा व्हायला ०.०५ मिलिग्रॅमच्या पुढेच सुरुवात होते.

म्हणून पाणी तपासणीच्या वहीत पहिला रकाना तापमानाचा ठेवा. पाण्यात घाण किती आहे, या आकड्याला ती किती तापलेल्या पाण्यात आहे हे कळल्याशिवाय काही अर्थ नसतो. साधा काचेचा थर्मामीटर सगळ्यात स्वस्त उपकरण आहे आणि आपल्याकडे सगळ्यात कमी वापरला जातो.

तापलेल्या पाण्यात माशाचं काय होतं

मासा स्वतःचं अंग गरम-थंड ठेवू शकत नाही. पाणी जितकं, तितकंच त्याचं शरीर. पाणी १० अंशांनी तापलं की त्याच्या शरीराचा कारभार साधारण दुप्पट वेगाने चालतो, आणि प्राणवायूही साधारण दुप्पट लागतो. अडचण अशी की नेमका तेव्हाच पाण्यात प्राणवायू कमी मावतो. समुद्रसपाटीला गोड्या पाण्यात २० अंशांना लिटरमागे जास्तीत जास्त ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळून राहू शकतो. ३० अंशांना ७.५ च्या आसपास, ३५ अंशांना ७ हून थोडा कमी. दख्खनच्या पठारावर उंचीमुळे त्यातही थोडी घट. मागणी दुप्पट, पुरवठा घटलेला. मग मासा कल्ल्यांवरून जास्त पाणी फिरवतो, आणि पाण्यात जे काही विरघळलेलं असेल, मग ते कीटकनाशक असो, तांबं असो की अमोनिया, तेही त्याच वेगाने जास्त आत येतं.

हे उलट्या बाजूनेही चालतं, आणि ही बाजू सहसा कोणी लक्षात घेत नाही. प्रदूषणाने कल्ले सुजले, त्यांच्यावर चिकट थर साचला, की माशाची उष्णता सोसायची ताकदच कमी होते. स्वच्छ पाण्यात जो रोहू ३५ अंशांची दुपार कशीबशी काढतो, तोच घाणेरड्या पाण्यात त्याच्या कितीतरी आधी हार मानतो. नाक चोंदलेल्या माणसाला भर उन्हात गड चढायला लावण्यातला प्रकार आहे हा.

इथे एक फसगत होते. चिलापी आणि पंगस हे दणकट मासे. पंगसाला तर वर येऊन हवेतला प्राणवायू घेता येतो. ते तगले म्हणजे पाणी चांगलं, असा हिशेब कृपा करून करू नका. त्याच तळ्यात कटला असता तर कधीच उताणा दिसला असता.

दिवसातून दोनदा, दोन वेगळ्या कारणांसाठी

हिरव्या पाण्यात दिवसा शेवाळ कर्बवायू ओढून घेतं, त्यामुळे दुपारी सामू चढतो. रात्री तेच शेवाळ श्वास घेतं, कर्बवायू सोडतं. सामू उतरतो आणि प्राणवायूही. म्हणजे अमोनियाचा धोका दुपारी तीन-चारला सगळ्यात जास्त, तर प्राणवायूचा पहाटे, सूर्य उगवायच्या आधीच्या तासात. बरेच जण सकाळी नऊ-दहाला पाणी तपासतात. दोन्ही संकटं त्या वेळी नजरेआड असतात.

उन्हाळ्यात निदान आठवड्यातून दोन दिवस तरी असं करा: दुपारी चारला तापमान, सामू आणि अमोनिया; दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला तापमान आणि प्राणवायू. प्राणवायूचं मीटर महाग असतं, पण गावातल्या पाच-सहा जणांनी मिळून एक घेतलं तर परवडतं. पहाटे ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निवांत राहा. ३ च्या खाली गेला तर त्या दिवशी खाद्य बंद. १ च्या आसपास असेल तर वाचत बसू नका, पंप चालू करा.

अमोनियासाठी एवढं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून ठेवलं तरी काम भागतं. पाणी ३० अंशांना असेल तर एकूण अमोनियातला मुक्त भाग सामू ७.५ ला अडीच टक्के, ८ ला साडेसात टक्के, ८.५ ला २० टक्के आणि ९ ला जवळपास ४५ टक्के. किटच्या आकड्याला याने गुणा. उत्तर ०.०५ च्या वर आलं तर खाद्य निम्मं करा, ०.२ च्या वर आलं तर बंद करा आणि पाणी बदलायच्या तयारीला लागा.

खाद्य निम्मं करा म्हटलं की माणसं नाराज होतात, कारण माल विकायला आलेला असतो आणि वजन हवं असतं. म्हणून हा हिशेब एकदा करून बघाच. साधारण ३० टक्के प्रथिनाचं १ किलो खाद्य दिलं की त्यातून सुमारे ३० ग्रॅम अमोनिया पाण्यात येतो. ३० बाय ३० बाय ३ मीटरचं शेततळं, काठाचा उतार एकास एक धरला, तर काठोकाठ भरल्यावर सुमारे २२ लाख लिटर. रोज २० किलो खाद्य पडत असेल तर ६०० ग्रॅम अमोनिया, म्हणजे लिटरमागे रोज ०.२७ मिलिग्रॅमची भर. मेमध्ये बाग जगवायला पाणी उपसून तळं निम्म्यावर आलं की तीच भर ०.५५ होते. जिवाणू आणि शेवाळ त्यातला बराचसा खातात म्हणून तळं चालतं. पण ३३-३४ अंशांच्या पुढे मासा खाद्य नीट पचवतच नाही. पाण्यावर टाकलेलं निम्मं तळाशी कुजतं. म्हणजे पैसे देऊन विकत आणलेलं प्रदूषण.

उन्हाळ्यात खाद्य सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान द्या, तेव्हा पाण्यात प्राणवायू चढत असतो. संध्याकाळचं खाद्य बंद ठेवा. खाल्ल्यानंतर माशाची प्राणवायूची गरज वाढते आणि ती गरज नेमकी रात्री भागवावी लागते.

चुन्याची घाई

मासे मलूल दिसले की पहिला हात चुन्याच्या पोत्याकडे जातो. ही सवय थंडीत किंवा पावसाळ्यात फार महागात पडत नाही, मेमध्ये पडते. कळीचा किंवा विझवलेला चुना टाकला की सामू झरझर वर चढतो, आणि वरचा तक्ता बघा: ३० अंशांना सामू ८ वरून ९ वर गेला तर मुक्त अमोनिया सहापट होतो. औषध म्हणून टाकलेल्या चुन्यानेच मासा मरतो, आणि दुसऱ्या दिवशी रोग फारच जोरात होता असं सगळ्यांचं ठरतं. चुना द्यायचाच असेल तर आधी अमोनिया तपासा, सकाळी द्या, आणि शेतीचा चुना, म्हणजे चुनखडीची भुकटी, वापरा. तिच्याने सामू साधारण ८.३ च्या पुढे जात नाही. कळीचा चुना तळं रिकामं असताना तळ निर्जंतुक करण्यासाठी.

शेण आणि कोंबडीखताचंही तसंच. पाणी हिरवं करायला फेब्रुवारीपर्यंत ठीक. त्यानंतर तापलेल्या पाण्यात ते इतक्या वेगाने कुजतं की रातोरात प्राणवायू संपतो. शेवाळ फार झालं म्हणून मोरचूद टाकण्याचा सल्लाही मिळेल. एक तर मोरचुदातलं तांबं माशाला घातक, त्यात मऊ पाण्यात जास्त. दुसरं, सगळं शेवाळ एकदम मेलं की ते कुजवायला लागणारा प्राणवायू माशांच्या वाट्याचा जातो. उन्हाळ्यात हा प्रयोग करूच नका.

झिओलाइट गोड्या पाण्यात थोडाफार अमोनिया धरतो. मात्र झिओलाइट टाकलेल्या तळ्यात लगेच मीठ टाकलं, तर मिठातलं सोडियम धरलेला अमोनिया पुन्हा सोडवून पाण्यात देतं. दोन दुकानदारांचे दोन सल्ले एकाच दिवशी अमलात आणणाऱ्यांनी हे जपावं.

तळाचं पाणी आणि वळीव

उन्हाळ्यात तळ्याचं पाणी थराथरांनी उभं राहतं. वर तापलेलं हलकं पाणी, खाली तुलनेने गार आणि जड. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. खालच्या थरात उजेड नाही, प्राणवायू संपलेला, विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजून अमोनिया आणि सडक्या अंड्याच्या वासाचा वायू साचलेला. मासे वरच्या थरात कसेबसे दिवस काढतात. आणि मग एका संध्याकाळी वळवाचा पाऊस येतो. गार पाऊस आणि वारा वरचा थर थंड करतो, पाणी उलथतं, तळातली सगळी घाण अख्ख्या तळ्यात पसरते. पहाटे मासे तरंगतात. लोक म्हणतात पहिल्या पावसाच्या पाण्यातून विष आलं. कधी कधी खरंच वाहून आलेलं असतं, पण पुष्कळदा ते आपल्याच तळ्याच्या बुडात महिनाभर साठलेलं असतं.

थर पडलाय का, हे घरच्या घरी कळतं. अर्ध्या लिटरच्या काचेच्या बाटलीला गळ्याशी दोरी बांधा, बुडाला एक दगड किंवा मोठा नट जखडा. बाटलीला घट्ट बूच बसवा आणि बुचालाही वेगळी बारीक दोरी बांधा. बाटली तळापर्यंत सोडा, बुचाची दोरी झटक्याने ओढा. बुडबुडे वर येतात, बाटली भरते. थांबले की पटकन वर ओढा आणि आत थर्मामीटर घाला. वरच्या पाण्याचं तापमान आधीच घेतलेलं असतं. दोन्हींत तीन-चार अंशांहून जास्त फरक असेल तर थर पक्का आहे. बाटली नाकाशी नेऊन वासही घ्या. सडक्या अंड्याचा वास आला तर फरक मोजायचीही गरज नाही.

उपाय मार्चपासूनच सुरू करायचा. एरेटर दुपारी तास-दोन तास चालवा, म्हणजे थर पडायलाच वाव राहत नाही. आणि रात्री अकरापासून उजाडेपर्यंत चालवा, कारण प्राणवायूची खरी टंचाई तेव्हा असते. शेतीला रात्रीची वीज मिळते म्हणून आपण सगळेच कावलेले असतो, पण एरेटरवाल्याला हवी ती तीच. मात्र महिनाभर न हलवलेल्या, खाली वास मारणाऱ्या तळ्यात एकदम पूर्ण ताकदीने एरेटर लावू नका. वळीव जे करतो तेच तुम्ही कराल. आधी तळाचं पाणी सायफनने काढा. काढायचं ते तळाचंच. बरेच जण वरचं बरं पाणी बागेला सोडतात आणि माशांना खालचं ठेवतात. तळातलं पाणी झाडांना खत म्हणून उत्तम.

नवीन पाणी बोअरचं असेल तर ते गार असतं, पण त्यात प्राणवायू बहुधा फारच कमी असतो. नळीचं तोंड पाण्यात बुडवून सोडू नका. उंचावरून पत्र्यावर आपटून किंवा तुषार संचातून पडू द्या. एरेटर नसलेल्यांनी आणीबाणीत तळ्याचंच पाणी पंपाने उचलून असं परत टाकलं तरी मासे जगतात.

प्लास्टिकचं अस्तर असलेल्या तळ्यांना वेगळी काळजी लागते. काळं प्लास्टिक ऊन पितं, मातीच्या तळाप्रमाणे घाण जिरवत नाही, आणि मेमध्ये रोज जवळपास एक सेंटिमीटर पाणी वाफ होऊन जातं तेव्हा उरलेल्या पाण्यात क्षार आणि घाण दोन्ही दाट होत जातात. खोली दीड-दोन मीटरच्या खाली जाणार असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्येच जाळं टाकून मोठे मासे विकून टाका. भाव थोडा कमी मिळेल. मेमध्ये मेलेल्या माशाला काहीच मिळत नाही.

चॉकलेटी कल्ले

मरणाऱ्या माशाचं कल्ल्याचं झाकण उचलून बघायची सवय ठेवा. निरोगी कल्ला लालभडक असतो. तो चॉकलेटी दिसला तर नायट्राइट समजा. अमोनियाचं जिवाणू आधी नायट्राइट करतात, मग नायट्रेट. मधल्या पायरीवर गाडी अडली की नायट्राइट साचतं. ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. थंडीत मासा अशा रक्तावरही भागवतो. गरम पाण्यात त्याला दुप्पट प्राणवायू हवा असतो, तेव्हा भागत नाही.

यावर साधं मीठ चालतं. मिठातलं क्लोराइड कल्ल्यांवर नायट्राइटची वाट अडवतं. पाण्यातलं क्लोराइड नायट्राइटच्या निदान दहापट असावं. खाऱ्या बोअरच्या पाण्यात ते आधीच भरपूर असतं, तिथे मीठ टाकून फायदा नाही. आधी क्लोराइड तपासून घ्या. कमी असेल आणि लिटरमागे ५० मिलिग्रॅम वाढवायचं असेल, तर ११ लाख लिटर पाण्याला सुमारे ९० किलो जाडं मीठ लागेल. ते पाण्यात विरघळवून चारी काठांनी पसरून द्यायचं. हेच पाणी ठिबकने द्राक्षाला किंवा डाळिंबाला जाणार असेल तर वरचेवर करू नका.

फवारणीचं पाणी

द्राक्षपट्ट्यात खरड छाटणी एप्रिलमध्ये, म्हणजे पाणी तापायच्या वेळीच फवारणीचा हंगाम सुरू होतो. क्लोरपायरिफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसवर्गातली बरीच कीटकनाशकं माशाच्या शरीरात गेल्यावर आधी बदलतात आणि मग खरी विषारी होतात. हा बदल यकृतात होतो, आणि गरम शरीरात तो वेगाने होतो. म्हणून तेवढ्याच औषधाने गरम पाण्यात जास्त मासे मरतात.

सगळी औषधं मात्र या नियमाने चालत नाहीत. सायपरमेथ्रीन, डेल्टामेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही पायरेथ्रॉइड घराण्यातली औषधं थंड पाण्यात माशाला जास्त बाधतात. गरम पाण्यात शरीर ती लवकर मोडून टाकतं, थंडीत ती मज्जातंतूंवर जास्त वेळ ठाण मांडतात. म्हणजे ऑक्टोबर छाटणीनंतरच्या थंडीत यांची भीती जास्त. उन्हाळ्यातही ती माशासाठी अत्यंत जहालच आहेत. फरक एवढाच की थंडीत बेफिकीर राहायला जागा नाही.

औषधाच्या बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघून माशाचा अंदाज बांधू नका. लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग सस्तन प्राण्यांवरच्या विषारीपणावरून ठरतात, म्हणजे माणसाला किती धोका हे सांगण्यासाठी. माशाचा त्यात विचारच नाही. निळ्या त्रिकोणाच्या औषधाचा चमचाभर अंशही लहान तळ्यातली बोटुकली साफ करू शकतो. लेबलावरचा बारीक मजकूर वाचा. माशांना विषारी असल्याची सूचना तिथे असते.

बाकी खबरदारी साधी आहे. वारा तळ्याकडे असेल तर फवारणी पुढे ढकला. पंप तळ्यात बुडवून भरू नका, बादलीने भरा. पंप धुतलेलं पाणी तळ्याच्या काठापासून दूर, उतार विरुद्ध दिशेला असेल तिथे ओता. आणि तळ्यातून ठिबकला खत किंवा औषध सोडत असाल तर पाइपावर उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह आहे ना, हे आज जाऊन बघा. वीज गेली की टाकीतलं द्रावण मागे तळ्यात उतरतं. ही चूक रात्री होते आणि सकाळी तिचा मागमूस राहत नाही.

मेलेले मासे काय सांगतात

मरतूक झाली की पहिल्या तासात बघितलेलंच उपयोगी पडतं. पहाटे मेले, मोठे आधी मेले, तोंड उघडं आणि कल्ले फाकलेले, बेडूक मात्र टुणटुणीत: प्राणवायू संपला होता. आदल्या दिवसापर्यंत हिरवं असलेलं पाणी करडं किंवा तपकिरी झालेलं दिसलं तर शेवाळ एकदम मेलं असं समजा. दिवसाढवळ्या, लहान मासे आधी किंवा सगळ्या आकाराचे एकदम, काही गरगर फिरत किंवा पाठीचा कणा वाकलेले, सोबत पाणकिडेही मेलेले: कीटकनाशकाचा संशय घ्या. दोन-चार दिवस रोज थोडे थोडे, दुपारनंतर मलूल, खाद्याला न येणारे: अमोनिया. ही काही प्रयोगशाळा नव्हे, दोन कारणं एकत्रही असू शकतात, आणि उन्हाळ्यात बहुधा असतातच. पण पुढे कोणती तपासणी मागायची हे यातून कळतं.

नदीकाठच्या आणि जलाशयावरच्या संस्थांसाठी

शेततळ्याचं पाणी आपल्या हातात असतं, नदीचं नसतं. उन्हाळ्यात नदीत वरून येणारं पाणी थांबतं आणि शहरांचं सांडपाणी तेवढंच चालू राहतं. कोल्हापूरच्या पंचगंगेत इचलकरंजीच्या खाली, तेरवाड बंधाऱ्याशी मेलेल्या माशांचा खच पडल्याच्या बातम्या आपण अनेकदा वाचल्या आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत उतरतं. पाणी १० अंशांनी गरम असलं की सांडपाणी साधारण दीडपट वेगाने कुजतं. प्राणवायूची घट सांडपाण्याच्या तोंडापासून जवळच आणि जास्त खोल होते. बंधाऱ्यात अडून राहिलेल्या पाण्यातून माशाला पळायलाही वाट नसते.

तक्रार करताना दोन-तीन आकडे हाताशी असावेत. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ मधल्या सर्वसाधारण मानकांनुसार कारखान्याचं पाणी नदीत मिसळताना नदीच्या पाण्यापेक्षा ५ अंशांहून जास्त गरम असता कामा नये. बहुतेक तक्रारींत रंग आणि वास असतो, तापमान कोणी लिहीतच नाही. त्याच मानकांत माशाची कसोटीही आहे: प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यात काहीही न मिसळता ठेवलेल्या माशांपैकी ९० टक्के ९६ तासांनंतर जिवंत असले पाहिजेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे ही चाचणी मागता येते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यव्यवसायाला योग्य पाण्यासाठी प्राणवायू निदान ४ मिलिग्रॅम, सामू ६.५ ते ८.५ आणि मुक्त अमोनिया जास्तीत जास्त १.२ मिलिग्रॅम अशा अटी आहेत. मुक्त अमोनियाची ही मर्यादा माझ्या मते फारच सैल आहे. कल्ले खराब व्हायला लागतात ती पातळी याच्या विसाव्या हिश्श्याच्या आसपास आहे. अहवालात पाणी निकषांत बसतं असं आलं तरी आकडा मागून घ्या.

नमुना घेताना घाई अंगाशी येते. मासे तरंगायला लागले की लगेच, मरतुकीच्या जागी आणि तिच्या वरच्या अंगाला, अशा दोन ठिकाणी पाणी घ्या. सकाळ गेली की प्राणवायू परत चढतो आणि पुरावा नाहीसा होतो. प्राणवायू तिथेच मोजायचा, बाटलीत नेऊन नाही. बाकी तपासण्यांसाठी स्वच्छ बाटली काठोकाठ भरा, कीटकनाशकाचा संशय असेल तर काचेची, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. मासा मेलेला नको, मरणपंथाला लागलेला हवा, तोही बर्फात. प्रत्येक बाटलीवर ठिकाण, तारीख, वेळ, पाण्याचं तापमान आणि सामू लिहा. तापमान आणि सामू नसेल तर प्रयोगशाळेने दिलेल्या एकूण अमोनियाच्या आकड्यावरून त्या पहाटे मासे कशाने मेले हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि समोरचा पक्ष नेमकं तिथेच बोट ठेवेल.

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला आणि जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला एकाच वेळी कळवा, दोघांकडूनही लेखी पोच घ्या. तलाठ्याला बोलावून पंचनामा करून घ्या आणि त्यात माशांच्या जाती, अंदाजे वजन, पाण्याचा रंग आणि तुम्ही स्वतः मोजलेलं तापमान लिहायला लावा. मेलेले मासे बाजारात पाठवू नका, कोंबड्यांनाही घालू नका. पंचनामा झाला की पाण्यापासून लांब खड्डा घेऊन पुरून टाका. पंचनाम्याची प्रत त्याच दिवशी मागून घ्या.